वस्तू आपली, माहिती कुणाची?

दसरा उलटला की बोरीवलीत खरेदीचा हंगाम उभा राहतो. पश्चिमेला एस. व्ही. रोड, एल. टी. रोड, चंदावरकर रोड आणि पूर्वेला कस्तुरबा मार्ग. इथल्या उपकरणांच्या दुकानांसमोर टेम्पो लागतात आणि धनत्रयोदशीचा मुहूर्त साधून वॉशिंग मशीन, फ्रिज, मिक्सर, पाण्याचे फिल्टर घरोघरी पोचतात. खोका उघडतो, थर्माकोल निघतं, कंपनीचा माणूस चार बटणं दाखवून जातो. प्लास्टिकच्या पिशवीतली पुस्तिका मात्र न उघडताच खणात पडते, नाहीतर खोक्याबरोबर रद्दीत जाते.

काही वर्षांनी यंत्र अडतं, पडद्यावर एखादं अक्षर आणि आकडा लुकलुकू लागतो, आणि मग घरात शोधाशोध सुरू होते. पुस्तिका सापडत नाही. दुरुस्तीवाला येतो, मागचं झाकण उघडतो आणि म्हणतो, ‘बोर्ड गेलंय. रिपेअर होणार नाही, बदलावं लागेल.’ बोर्ड खरंच गेलं आहे की एखादी तार सैल झाली आहे, हे मालकाला कळायला मार्ग नसतो. पुष्कळदा दुरुस्तीवाल्यालाही नसतो, कारण त्या मॉडेलचा नकाशा त्याने कधी पाहिलेलाच नसतो. वझिरा नाका, बाभई, देवीपाडा, कुलुपवाडी इथल्या छोट्या दुकानांत बसलेल्या माणसांच्या हातात कसब आहे. त्यांना कमी पडते ती माहिती. ती कारखान्यात तयार असते, छापलेली असते आणि कित्येकदा फुकट मिळण्याजोगी असते.

माझं म्हणणं साधं आहे. यंत्राची माहिती हा यंत्राचाच भाग आहे. पैसे मोजून वस्तू घेतली की ती कशी चालते, कशी उघडते आणि कशी दुरुस्त होते, हे जाणण्याचा हक्कही तिच्याबरोबर घरी यायला हवा. हा हक्क अर्धा आपल्याला मिळालेला आहे, पण आपण तो मागत नाही. उरलेला अर्धा अजून मिळवायचा आहे.

माहिती देणारे कारखाने

कारखानदाराने गिऱ्हाइकाला माहिती द्यावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर शेतकरी सुरुवातीला घेईनात. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. ती समजूत घालवायची तर नांगराबरोबर नांगराची माहितीही शिवारात पोचणं भाग होतं. १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं, ते कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकांपर्यंत नेणारं पत्रक म्हणून. पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी साहित्याला एक मोठं व्यासपीठ मिळालं. यंत्राची माहिती वाटता वाटता मासिक उभं राहिलं, ही आपल्या नियतकालिकांच्या इतिहासातली अभिमानाची गोष्ट आहे.

व्हॉल्व्हच्या रेडिओचा काळ आठवणाऱ्या वाचकांना आणखी एक गोष्ट आठवेल. अनेक रेडिओंच्या पेटीच्या आत किंवा मागच्या पुठ्ठ्यावर व्हॉल्व्हची मांडणी, काही वेळा संपूर्ण सर्किट चिकटवलेलं असे. ठाण्यात मर्फीचे रेडिओ बनत त्या दिवसांत गल्लीतला रेडिओ मेकॅनिक पेटी उघडायचा, कागद बघायचा आणि कोणता व्हॉल्व्ह बदलायचा ते ठरवायचा. नंतर टीव्ही आले तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांच्या सर्किटांची जाडजूड पुस्तकं लॅमिंग्टन रोडवर विकत मिळत. बोरीवलीहून चर्चगेटची गाडी धरून, ग्रँट रोडला उतरून मेकॅनिक ती घेऊन येत. त्या पुस्तकांवर दुरुस्तीवाल्यांची एक अख्खी पिढी उभी राहिली.

आज हा प्रवाह आटला आहे. मोबाइल दुरुस्त करणारा तरुण पाहा. फोनच्या बोर्डाचा नकाशा कंपनी त्याला देत नाही, म्हणून तो चीनच्या झेडएक्सडब्ल्यू किंवा इंडोनेशियाच्या बोर्निओ स्कीमॅटिक्ससारख्या सेवांची वर्गणी भरतो आणि तिसऱ्यानेच तयार केलेल्या नकाशावर काम करतो. ज्याने फोन बनवला त्याने एक पान दिलं असतं तर जी माहिती बिनखर्चात मिळाली असती, तिच्यासाठी छोट्या दुकानदाराच्या खिशातून दर वर्षी पैसे जातात. तो खर्च शेवटी आपल्याच बिलात येतो.

नेमकं काय मागायचं

‘मॅन्युअल पाठवा’ एवढंच म्हटलं की कंपनीकडून वापराची पुस्तिका येते आणि विषय संपतो. पण एका यंत्राची कागदपत्रं अनेक असतात, आणि नेमकं नाव घेऊन मागितलं तर नेमका कागद मिळण्याची शक्यता वाढते.

पहिली वापराची पुस्तिका, म्हणजे युजर मॅन्युअल. हिच्यात एरर कोडचा तक्ता असतो आणि निम्म्या अडचणी तिथेच सुटतात: पाण्याचा नळ बंद, फिल्टर तुंबलेला, दार नीट न लागलेलं. दुसरी बसवणीची पुस्तिका, इन्स्टॉलेशन मॅन्युअल. भिंतीपासून किती अंतर सोडायचं, किती अँपिअरचा सॉकेट हवा, सांडपाण्याचा पाइप किती उंचीवर ठेवायचा, हे तिच्यात असतं. तिसरी सुट्या भागांची यादी. यंत्राचा एकेक भाग सुटा करून दाखवणारं चित्र आणि प्रत्येक भागापुढे त्याचा क्रमांक, असं तिचं रूप असतं. हा क्रमांक हाती असला की भाग कुठूनही मागवता येतो. चौथा तारांच्या जोडणीचा नकाशा, वायरिंग डायग्राम. पाचवी सर्व्हिस मॅन्युअल, जिच्यात यंत्र उघडण्याचा क्रम, तपासणीची पद्धत आणि कोणत्या बिंदूवर किती व्होल्ट यायला हवेत ते दिलेलं असतं. सहावं बोर्डाचं सर्किट, आणि कंपन्या सर्वांत घट्ट धरून ठेवतात ते हेच.

वापराची आणि बसवणीची पुस्तिका बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवतात. लॅपटॉपच्या बाबतीत याहून पुढची मजल गेली आहे. डेल, एचपी आणि लेनोवो आपल्या असंख्य मॉडेलांच्या दुरुस्तीच्या पुस्तिका कुणालाही उतरवून घेऊ देतात. कोणता स्क्रू आधी, कोणती पट्टी नंतर, बॅटरी कशी सोडवायची, सगळं चित्रांसकट. विद्यार्थ्याचा जुना लॅपटॉप भंगारात टाकण्यापूर्वी हे पान एकदा उघडून पाहावं.

मागण्याआधी यंत्रावरची पाटी वाचावी. फ्रिजमध्ये ती आतल्या बाजूच्या भिंतीवर असते, वॉशिंग मशीनच्या पाठीवर किंवा दाराच्या कडेला, एसीच्या घरातल्या भागाच्या बाजूला किंवा खाली, मिक्सरच्या तळाला. मॉडेलचा पूर्ण क्रमांक घ्यावा. शेवटची दोन-तीन अक्षरं गाळली की भलत्याच आवृत्तीचा नकाशा हाती येतो. अनुक्रमांकही घ्यावा, कारण एकाच मॉडेलमध्ये मधूनच बोर्ड बदललेले असतात. यंत्र घरात येतं त्याच दिवशी पाटीचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवणं सर्वांत सोपं. बिलाची शाई उडते, फोटो टिकतो.

मग लिहायचं कुणाला? खोक्यावर पत्ता असतो. पॅकबंद मालाच्या २०११ च्या वैध मापन नियमांनुसार, ग्राहकाने तक्रारीसाठी कुणाशी संपर्क साधायचा त्याचं नाव, पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल वेष्टनावर देणं बंधनकारक आहे. कॉल सेंटरवर तोंडी विचारण्यापेक्षा त्या ईमेलवर लिहावं, म्हणजे पुरावा राहतो. मजकूर मोजका असावा: ‘माझ्याकडे अमुक मॉडेलचं, अमुक अनुक्रमांकाचं यंत्र आहे. बिलाची प्रत जोडली आहे. त्याची वापर पुस्तिका, सुट्या भागांची सचित्र यादी आणि वायरिंग डायग्राम पीडीएफ स्वरूपात पाठवावेत. सर्व्हिस मॅन्युअल देता येत नसेल तर कारण लेखी कळवावं.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. नकार तोंडी देणं सोपं असतं, लेखी देताना विचार करावा लागतो.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. अनेक कंपन्या या यंत्रणेशी जोडलेल्या असल्याने तक्रार थेट त्यांच्याकडे जाते. मुंबईत १९६६ पासून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया आणि १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत ग्राहकांच्या बाजूने उभ्या आहेत. त्याही पुढे जायचं तर उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग वांद्र्याला आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं ८४ वं कलमही माहीत असावं. इजा टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत, तर त्यातून झालेल्या हानीबद्दल उत्पादक जबाबदार ठरू शकतो. म्हणजे सूचना देणं ही कंपनीची मेहरबानी नाही, ती तिची जबाबदारी आहे.

गाड्यांच्या खटल्याने काय दिलं

दुरुस्तीची माहिती दाबून ठेवण्याविरुद्ध आपल्या देशातली सर्वांत मोठी लढाई मोटारींची झाली. २०११ च्या सुरुवातीला शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की, मोटार कंपन्या सुटे भाग, दोष शोधणारी उपकरणं आणि दुरुस्तीच्या पुस्तिका स्वतंत्र गॅरेजना मिळू देत नाहीत, त्यामुळे गाडी घेतल्यावर मालक कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला बांधला जातो. तीन कंपन्यांपासून सुरू झालेली चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सुनावला. रक्कम पुढे अपिलात आणि न्यायालयांत अडकली, पण निकालातल्या सूचना मोलाच्या आहेत. सुटे भाग आणि दोष शोधणारी उपकरणं स्वतंत्र गॅरेजना मिळण्याची व्यवस्था करा, भागांच्या किमती आणि देखभालीची माहिती लोकांसमोर ठेवा, असं आयोगाने सांगितलं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही बजावलं. बाहेरच्या चुकीच्या दुरुस्तीने जे नुकसान झालं असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल, असा तो विचार आहे.

हा न्याय मोटारीला लागू होतो, तर फ्रिजला आणि फोनला का नाही? याच प्रश्नावर केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये निधी खरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि चार क्षेत्रं ठरवली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू, आणि वाहनं. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ हे सरकारी पोर्टल सुरू झालं. सहभागी कंपन्यांची उत्पादन माहिती, सेवा केंद्रं, वॉरंटीच्या अटी तिथे एकत्र मिळतात. शोध तिथूनही सुरू करता येतो.

‘धोका आहे’ या उत्तराला उत्तर

माहिती न देण्यामागे कंपन्यांची दोन कारणं असतात. एक, आमचं ज्ञान चोरीला जाईल. २०१२ मध्ये तोशिबाच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेने स्वामित्वहक्काचा दाखला देऊन, लॅपटॉपच्या सर्व्हिस मॅन्युअल लोकांना फुकट उपलब्ध करून देणाऱ्या टिम हिक्स या तरुणाला त्या संकेतस्थळावरून काढायला लावल्या. पण ज्याला नक्कल करायची आहे तो स्पर्धक यंत्र विकत घेऊन उघडतोच, त्याला पुस्तिकेची गरज नसते. पुस्तिकेवाचून अडतं ते वस्तूच्या मालकाचं.

दुसरं कारण सुरक्षिततेचं आहे आणि ते गंभीरपणे घ्यायला हवं. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार धरून ठेवू शकतो. आजच्या अनेक एसींतला आर-३२ वायू सौम्य ज्वलनशील आहे, काहींतला आर-२९० म्हणजे चक्क प्रोपेन, आणि घरगुती फ्रिजमध्ये सर्रास असणारा आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. ही यंत्रं घरच्या घरी उघडून बसू नये. मात्र याच कारणासाठी माहिती जास्त खुली हवी. उपनगरातल्या चौथ्या मजल्यावर, खिडकीबाहेर लटकून एसीचं काम करणारा माणूस यंत्र उघडणारच आहे. आत कोणता वायू आहे, किती भरायचा, कपॅसिटर कसा रिकामा करायचा, हे त्याला ठाऊक नसेल तर धोका त्याच्या जिवाला आहे. माहिती दडवल्याने दुरुस्ती थांबत नाही, ती आंधळेपणाने होते.

माहितीचा दुसरा स्रोत लोकांनी स्वतः उभा केला आहे. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या काइल वीन्स आणि ल्यूक सोल्स या विद्यार्थ्यांना ॲपलच्या लॅपटॉपची पुस्तिका मिळेना, म्हणून त्यांनी स्वतः यंत्र उघडून टप्पे लिहिले आणि त्यातून ‘आयफिक्सइट’ जन्मलं. करोनाच्या साथीत, मे २०२० मध्ये, याच संस्थेने ग्रंथपालांच्या मदतीने व्हेंटिलेटर आणि इतर वैद्यकीय यंत्रांच्या हजारो पुस्तिका गोळा करून जगभरच्या रुग्णालयांसाठी फुकट खुल्या केल्या. एका पुस्तिकेवाचून यंत्र बंद पडून राहणं म्हणजे काय, हे त्या महिन्यांत सगळ्या जगाने पाहिलं.

सोसायटीने रुग्णालयाकडून शिकावं

सरकारी रुग्णालयासाठी यंत्र घेताना निविदेत एक अट हमखास असते: वापराची, तांत्रिक आणि देखभालीची पुस्तिका, तारांच्या नकाशांसह, यंत्राबरोबर द्यावी. पुरवठादार ती निमूट देतो, कारण पैसे अजून मिळायचे असतात. सगळी मेख या क्षणात आहे. माहिती मागायची खरी वेळ खरेदीआधीची. यंत्र बिघडल्यावर आपण गरजू असतो, खरेदीआधी गरज विकणाऱ्याला असते.

बोरीवलीत ही गोष्ट आज फार महत्त्वाची आहे, कारण इथे सगळीकडे पुनर्विकास चालू आहे. तीन-चार मजल्यांच्या, लिफ्ट नसलेल्या इमारती पाडून तिथे टॉवर उभे राहताहेत. जिथे एक पाण्याचा पंप होता, तिथे आता लिफ्ट, आगीचे पंप, जनरेटर, सांडपाणी शुद्धीकरण, कॅमेरे आणि यांत्रिक पार्किंग येतं. बिल्डर ताबा देऊन जातो आणि पदाधिकाऱ्यांच्या हाती वार्षिक देखभाल कराराचं बिल राहतं. लिफ्टच्या कंट्रोलरचा पासवर्ड आणि दोष वाचायचं साधन कंपनीकडेच असेल, तर सोसायटी दुसऱ्या कुणाकडून दर मागवूच शकत नाही. कंपनी म्हणेल तो दर.

यावर उपाय ताबा घेण्याआधी करायचा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे बिल्डरने सामाईक भागांसह सगळी आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे सोसायटीकडे सुपूर्द करायला हवेत. पुनर्विकासाच्या करारातच यादी घालून घ्यावी: प्रत्येक यंत्राची वापर आणि सर्व्हिस पुस्तिका, प्रत्यक्ष बांधकामाप्रमाणे पाइप आणि तारांचे नकाशे, सुट्या भागांची यादी, पासवर्ड, वॉरंटीपत्रं. एका पेन ड्राइव्हवर आणि एका फायलीत, दोन्हीकडे. वकील चटईक्षेत्राचा आणि भाड्याचा मुद्दा बघतीलच, ही यादी मात्र सभासदांनीच धरून बसायला हवी.

पुनर्विकासासाठी भाड्याच्या घरात जाताना घरच्या पुस्तिकेचाही उपयोग कळतो. फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा ड्रम प्रवासात हलू नये म्हणून कारखान्यात मागून बोल्ट लावलेले असतात. वापरापूर्वी ते काढायचे, जपून ठेवायचे आणि घर हलवताना पुन्हा लावायचे, हे पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असतं. ते बोल्ट टाकून दिले आणि मशीन तसंच टेम्पोत चढवलं की ड्रमचे झटके आतल्या आधारांना बसतात. मग दोष मशीनला दिला जातो.

कंपनी बुडाली तर?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावातून व्हिडिओकॉनचे टीव्ही आणि फ्रिज अर्ध्या देशात गेले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, पण तिची यंत्रं घराघरांत चालूच राहिली. कंपनी संपली तरी तिच्या यंत्रांचं ज्ञान संपता कामा नये. आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे की, देशात प्रसिद्ध झालेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे जमा करावी. मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक आहे. कादंबरीची प्रत जपतो तशी भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्राच्या सर्व्हिस पुस्तिकेची प्रतही एका सार्वजनिक संग्रहात जमा व्हावी, आणि कंपनीने सेवा बंद केली की ती सर्वांना खुली व्हावी. कायद्यात एवढी भर घालणं अवघड नाही.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोन, लॅपटॉप, टीव्ही आणि वॉशिंग मशीनवर दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापायला लावले. गुण देण्याच्या पाच निकषांत पहिला निकषच दुरुस्तीच्या कागदपत्रांचा आहे. दुकानात किमतीशेजारी हा आकडा दिसला की गिऱ्हाईक तुलना करतं आणि माहिती दडवण्याचा तोटा थेट विक्रीत दिसतो. आपल्याकडे भरत खेरा यांच्या समितीने ३ मे २०२५ रोजी मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी अशाच निर्देशांकाचा अहवाल सरकारला दिला. दुरुस्तीची माहिती किती मिळते, भाग वेळेत मिळतात का, यंत्र उघडायला किती सोपं आहे, अशा निकषांवर गुण ठरावेत आणि ते विक्रीच्या जागी व वेष्टनावरच्या क्यूआर कोडमध्ये दिसावेत, ही शिफारस आहे. ती कागदावर राहू नये, आणि पुस्तिका मराठीत मिळण्यालाही त्यात गुण असावेत. उपनगरातल्या दुरुस्तीच्या दुकानांत आयटीआयमधून शिकून आलेली मुलं बसतात. त्यांना कळेल त्या भाषेत माहिती मिळाली तरच ती माहिती म्हणायची.

कायदा यायचा तेव्हा येईल. या दिवाळीत दुकानात उभे असताना प्रत्येकाने पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: या वस्तूची सर्व्हिस पुस्तिका कुठे मिळेल, सुटे भाग किती वर्षं मिळतील, आणि आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकला ही उघडता येईल का? विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही तर तो वर विचारेल, कारण गिऱ्हाईक समोर उभं आहे. एका बोरीवलीत एका हंगामात हजारो तोंडांनी हा प्रश्न विचारला गेला, तर तो कंपनीच्या मुख्यालयापर्यंत पोचल्यावाचून राहणार नाही. किंमत कमी करा म्हणून आपण घासाघीस करतोच. तेवढ्याच आग्रहाने माहितीही मागू या.